बाराऊने अडवलेले वासे

माझ्या वडिलांनी माझे नाव आजवर एकदाही उच्चारलेले नाही. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. मी त्यांचा ज्येष्ठ पुत्र आहे. आणि आम्हा हौसा लोकांत ज्येष्ठ अपत्याचे नाव आईबापांनी मुखाने घेऊ नये, त्यास चारचौघांत जवळ बसवू नये, त्याची स्तुती तर मुळीच करू नये, अशी मर्यादा आहे. ही मर्यादा मोडणाऱ्या बापास लोक निर्लज्ज म्हणतात, आणि आमच्या तुडुन रीमी गावात निर्लज्ज हा शब्द चोर या शब्दाहून जड मानला जातो. जन्मानंतर सातव्या दिवशी मेंढा कापून इमामांनी माझे नाव झकारी असे ठेवले. तेव्हापासून सारे गाव मला झकारी म्हणते. बाबा मात्र म्हणतात, "तो." अगदीच निकड असली तर, "तो लांबड्या हातांचा."

माझ्या वाट्याची माया मला नेहमी आडवाटेने मिळत गेली. बाजारातून भाजलेले मांस आले की बाबा ते आत्याकडे देत आणि म्हणत, "मुलांना दे. कुणी उपाशी असेल त्याला जरा जास्त दे." मोठा तुकडा दर वेळी माझ्याच हातावर पडे. आत्या हसत असे. बाबा भिंतीकडे पाहत असत.

भिंतीकडे पाहणे हा त्यांचा व्यवसायच होता. मालम तानिमू, म्हणजे माझे वडील, हे गावाचे मुख्य गवंडी. त्यांच्या पदाचा फेटा हाकिमींच्या, म्हणजे आमच्या मुलखाचा कारभार पाहणाऱ्या धन्यांच्या, वाड्यातून आलेला, आणि तो आमच्या घराण्यात चौथ्या पिढीचा. आमचे काम मातीचे. माती, चिरलेले गवत आणि पाणी एकत्र तुडवून आठवडाभर कुजवावयाचे, त्याचे शंकूसारखे गोळे उन्हात वाळवावयाचे, आणि भिंत उभारावयाची. भिंत कोणीही शिकू शकतो. परंतु घुमट ही वेगळी विद्या आहे. दोन्ही बाजूंच्या भिंतींतून ताडाच्या चिरलेल्या वाशांचे जुडगे बाहेर काढावयाचे, प्रत्येक जुडगे मागच्यापेक्षा वीतभर पुढे सरकवावयाचे, मातीने ते बांधत जावयाचे, आणि खाली यत्किंचितही आधार न देता दोन्ही बाजूंची माथ्यावर भेट घडवावयाची. ही भेट चार बोटे जरी चुकली तरी सर्व श्रम धुळीस मिळतात.

मला ती भेट घडविता येते. हे मी गर्वाने म्हणत नाही. माझे शिक्षण मदरशाचे व त्यावर सरकारी शाळेच्या चार इयत्तांचे, दुसरे मला काही येत नाही. या हकीकतीच्या अकरा वर्षे आधी मी बाराऊ गोरोवाल्याच्या घराचा घुमट एकट्याने बांधला. बाबा पाहण्यास आले. काठीने चारही कोपरे ठोकून पाहिले, बराच वेळ वर पाहत राहिले, आणि म्हणाले, "भिंत बरी आहे." भिंत आत्याच्या मुलाने, सांबोने, बांधली होती.

आता या बाराऊविषयी लिहिले पाहिजे, कारण त्याच्यावाचून पुढील हकीकत समजणार नाही.

बाराऊ मूळचा कानो शहराचा. चाळीस वर्षांपूर्वी तो गोरोच्या, म्हणजे चघळावयाच्या कडवट फळांच्या, दोन टोपल्या घेऊन आमच्या गावी आला आणि हाकिमींच्या दरवाजासमोरील सावरीच्या झाडाखाली बसला, तो अजून तेथेच बसलेला आहे. कानोचे लोक आणि आम्ही झाझाऊ प्रांताचे लोक यांच्यात थट्टेचे नाते आहे. ते कोणत्या राजाच्या काळी, कोणत्या लढाईनंतर जडले, याविषयी जाणते लोक निरनिराळे सांगतात. ते असो. कानोवाला आम्हांस आपले गुलाम म्हणतो, आम्ही त्यास आमचा गुलाम म्हणतो, आणि राग धरण्याची दोघांसही मनाई आहे. लग्नात तो आमची वस्तू पळवू शकतो. खंडणी दिल्यावाचून परत देत नाही. माझ्या धाकट्या भावाच्या लग्नात बाराऊने नवरीची पितळी भांडी गाढवावर लादून नेली होती. चुलत्यांच्या दफनाच्या वेळी तो कबरीच्या खड्ड्यात उतरून बसला आणि म्हणाला, "हा माझा गुलाम. मला न विचारता मेलाच कसा?" रडणारी माणसे डोळे पुसता पुसता हसली. थट्टेचे नाते त्यासाठीच असते, असे मला वाटते.

तो आणि बाबा रोज सकाळी एकमेकांस असे भेटत:

"काय रे गुलामा, उन्हाचं कसं काय?"

"ऊन आहे, अल्लाची कृपा आहे. कानोहून पळालेल्या गाढवा, तुझे दात किती राहिले?"

"झाझाऊचं मांस चावायला पुरतील तेवढे. थकव्याचं काय?"

"थकवा नाही. तुझं तोंड दिसलं, आता येईल."

त्यानंतर बाराऊ टोपलीतील सर्वांत लाल गोरो निवडून बाबांच्या हातावर ठेवी, आणि बाबा त्याचा अर्धा तुकडा मोडून परत देत. बाराऊ गावात असता हा क्रम चाळीस वर्षांत चुकला नव्हता.

ज्या वर्षाची ही हकीकत, त्या वर्षी जुने हाकिमी निवर्तले आणि त्यांचे पुत्र गादीवर आले. ते काडुना शहरी शिकलेले, अनेक वर्षे कचेरीत मोठ्या हुद्द्यावर राहिलेले. सभ्य होते, न्यायी होते. परंतु दीर्घकाळ दूर राहिल्याने शब्दाचा अर्थ शब्दातच शोधण्याची त्यांना सवय झाली होती. त्यांच्या बैठकीच्या दालनाचा घुमट माझ्या पणजोबांच्या हातचा. त्यास माथ्यावर तडा गेला होता. पावसाला दोन महिने उरले असता त्यांनी गावातील वडीलधाऱ्यांस बोलावले आणि बाबांस विचारले,

"मुख्य गवंडी, तुमची नजर आता अधू झाली आहे. हा घुमट नव्याने कोण बांधील ते सांगा. जो बांधील त्याच्याच डोक्यावर मी तुमच्यामागे फेटा बांधीन."

मी दाराजवळ मान खाली घालून बसलो होतो. माझे वय त्या समयी बेचाळीस वर्षांचे. त्या घुमटाखाली मी लहानपणापासून वर पाहत आलो होतो. त्यातील वाशांचे जुडगे मी स्वप्नातही मोजू शकत होतो. तो घुमट माझ्या हातून व्हावा याहून अधिक मी परमेश्वराजवळ काही मागितले नव्हते. आणि खरे सांगावयाचे तर फेट्याहूनही मला दुसरेच काही हवे होते. बाबांना मी गवंडी वाटतो की नाही, हे मला एकदा कळावे, इतकेच.

बाबांनी घसा साफ केला. दाराकडे पाहिले. पुन्हा घसा साफ केला. मग म्हणाले, "दीर्घायुषी व्हा, धनी. माझ्या बहिणीचा मुलगा आहे, सांबो. तो बांधील."

यात कोणासही नवल वाटले नाही. बापाने असेच म्हणावयाचे असते. माझ्या आजोबांनीही बाबांच्या वेळी शेजाऱ्याच्या मुलाचे नाव सांगितले होते. मग दुसऱ्या कोणी तरी म्हणावयाचे, 'अहो, हे काय बोलता, तुमच्याच घरात एवढा मोठा कारागीर असता?' बापाने नको नको म्हणावयाचे. तीनदा आग्रह झाला की खाली पाहून गप्प राहावयाचे. ते गप्प राहणे म्हणजे होकार.

परंतु कोणी बोलेना. इमाम माझे श्वशुर. त्यांच्या तोंडी जावयाची स्तुती शोभत नाही. नाभिक, विणकर, खाटीक, सारे एकमेकांकडे पाहू लागले. अशा प्रसंगी तोंड उघडण्याचे काम चाळीस वर्षे बाराऊ करीत आला होता, आणि आता तो बोलेल, आता बोलेल, असे प्रत्येकास वाटत होते. दाराशी असलेली बाराऊची नेहमीची चटई मात्र रिकामी होती. नातीच्या नामकरणास तो कानोला गेला आहे, हे तेथे बसलेल्यांपैकी प्रत्येकास ठाऊक असून त्या क्षणी एकाच्याही ध्यानात आले नाही.

"ठीक," नवे हाकिमी म्हणाले. "सांबो. कारकून, लिहून घ्या."

कारकुनाने लिहून घेतले. माझ्या शेजारी बसलेल्या सांबोने माझा गुडघा असा दाबला की त्याची नखे रुतली.

सांबो हा माझा आत्येभाऊ, माझ्याहून तीन वर्षांनी लहान. गिलाव्यावर उठावाची नक्षी काढण्यात त्याचा हात धरणारा सात गावांत नाही. त्याने काढलेली वेल खरी समजून शेळ्यांनी चाटलेली मी पाहिली आहे. परंतु उंची त्यास सोसत नाही आणि घुमट त्याने कधी बांधला नाही. वाड्याबाहेर पडताच तो भर रस्त्यात कपाळावर हात मारून उभा राहिला.

"झकारी, मामाने मला मारलं रे!"

"फेटा मिळाला तुला, आणि रडतोस?"

"फेटा माझ्या डोक्यावर, आणि घुमट फेट्यावर! पडला म्हणजे? लोक म्हणतील, घुमट उकरा, खाली सांबो असेल."

"तू तिथेच नाही का म्हणायचं?"

"मामाने दिलेला मान भरसभेत नाकारू? मग आईने मला घरात घेतलं असतं? तूच का नाही बोललास?"

"मी कसा बोलणार?"

"हो, तू कसा बोलणार," तो हताश होऊन म्हणाला. थोडे पुढे गेल्यावर त्याचा चेहरा उजळला. "असं करू या का? बांधायचं तू. मी नुसता वर उभा राहून ओरडतो. ओरडणं मला चांगलं जमतं."

मी पुढे चालू लागलो. माझ्या मनाची स्थिती लिहिण्याजोगी नव्हती. बाबांनी मर्यादा पाळली हे मला कळत होते. परंतु आतून एक आवाज म्हणत होता, कशावरून? कशावरून त्यांस खरोखरच सांबो अधिक योग्य वाटत नसेल? मर्यादेच्या आड प्रेम असते तशी निराशाही असू शकते. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात.

घरी आई चुलीवर ज्वारीच्या पिठाचे तुवो घट्ट होईतो घोटत होती. माझी आईही माझ्याशी समोरासमोर फारसे बोलत नाही. तिला जे सांगावयाचे ते ती हातातल्या वस्तूस सांगते. त्या दिवशी ती भांड्यास म्हणाली,

"बघ, काही लोकांना वाटतं, म्हाताऱ्याच्या मनातच नाही. म्हातारा घरी आला तो बाराऊने जाताना दिलेला गोरो तोंडात न घालता तसाच हातात धरून बसला. मला म्हणतो, बाराऊचा आवाज आज आलाच नाही. तीनदा म्हणाला. 'आलाच नाही गं.' आता घट्ट हो बाई लवकर, लोक उपाशी आहेत."

मी भांड्यास ऐकू जाईल इतक्या हळू "बरं" म्हटले आणि बाहेर आलो. माझे डोळे धुराने भरले होते. धूर थोडाच होता.

तद्नंतर मी सांबोस सांगून टाकले की मी तुझ्या हाताखाली काम करीन. त्या छपराखाली उद्या माणसे बसणार, न्यायासाठी येणाऱ्या बायका लेकरांसह बसणार. कोणाच्या नावाने बांधले यावरून माती पडावयाचे वा राहावयाचे ठरवीत नाही. सांबोने मला मिठी मारली, आणि लगेच म्हणाला, "मग आता मी तुझा साहेब. जा, पाणी आण."

आठव्या दिवशी बाराऊ परतला. वेशीपासून आमच्या घरापर्यंत येईतो त्यास ही बातमी निदान नऊ जणांनी सांगितली असावी. मी आमच्या देवडीच्या मागील अंगास माती तुडवीत होतो. भिंतीपलीकडील बोलणे मला स्पष्ट ऐकू येत होते.

"काय रे गुलामा! मी आठ दिवस गेलो तर अख्खं गाव मुकं झालं?"

"तू गेलास तेव्हा गावाला जरा झोप लागली," बाबा म्हणाले. परंतु आवाजात नेहमीचा जोर नव्हता. "नात कशी आहे?"

"माझ्यासारखी देखणी."

"अरेरे. उपाय करता येईल काही."

"तानिमू, विषय बदलू नकोस. उठ, वाड्यावर जा, आणि हाकिमीला सांग."

"काय सांगू?" बाबा म्हणाले. "काय सांगू मी? लिहिलं गेलं आहे. धन्याला दिलेला शब्द परत गिळायला सांगू? आणि कोणाचं नाव सांगू? माझ्या तोंडून? माझ्या?"

बाराऊने टोपली खाली ठेवल्याचा आवाज आला. मी मातीत तसाच उभा राहिलो. पाय हलवला तर आवाज होईल असे वाटले.

"मी काही म्हातारपणाने बोललो नाही," बाबा हळू म्हणाले. "मी तुझ्या चटईकडे बघून बोललो."

"हं," बाराऊ म्हणाला. मग त्याने टोपली उचलल्याचा आवाज आला. "अर्धा गोरो परत दे इकडे. फुकट खाऊ."

पुढील पंधरवड्यात आम्ही जुना घुमट उतरवला, भिंतींचे माथे साफ केले, आणि नदीकाठच्या ताडांचे नवे वासे दालनाबाहेर अंगणात एका ढिगाने रचले. ताडाच्या त्या जातीस वाळवी लागत नाही. आमच्या पणजोबांचे काही वासे इतके सुस्थितीत निघाले की ते आम्ही नव्यांतच मिसळले. कामारंभाच्या सकाळी ढोलकरी आले, माती कालवून तयार झाली, हाकिमी अंगणात छत्रीखाली खुर्ची टाकून बसले. त्यांच्या मागे इमाम व वडीलधारी मंडळी होती. सांबो भिंतीच्या माथ्यावर चढला आणि डोळे मिटून उभा राहिला. मी त्याच्या डाव्या बाजूस. खाली बाबा काठी टेकून उभे होते. आमच्यात पहिला मातीचा गोळा मुख्य गवंडी स्वहस्ते वर फेकतो, आणि जो बांधणार असतो तो तो झेलतो. तेथून ढोल सुरू होतो.

बाबांनी हात मातीत घातला. तेवढ्यात बाराऊ आला.

त्याच्या काखेत चटई होती, एका हातात गोरोची टोपली आणि दुसऱ्या हातात नमाजापूर्वी हातपाय धुण्याचा तोटीचा तांब्या. म्हणजे तो दिवसभराच्या तयारीने आला होता. त्याने वाशांच्या ढिगावर चटई अंथरली, वर चढून मांडी घातली, आणि एक गोरो तोंडात टाकला.

"चालू द्या," तो म्हणाला. "फक्त वासे मिळणार नाहीत. हे माझ्या गुलामाचे वासे, म्हणजे माझे."

लोक हसू लागले. ढोलकऱ्याने एक थाप मारली. बाबा म्हणाले, "ऊठ रे, गाढवा. आज कामाचा दिवस आहे."

"म्हणूनच आलो. सुट्टीच्या दिवशी गुलामाला त्रास देण्यात काय मजा?"

"खंडणी काय पाहिजे? गोरो देतो."

"गोरो? माझीच टोपली मला विकतोस?"

"कोंबडी देतो."

"तुझ्या कोंबड्या मी पाहिल्यात. त्यांनाच कुणीतरी खायला घाला."

आता हाकिमीही हसू लागले होते. "बाराऊ, तुम्हाला हवं तरी काय?"

"धनी, तुम्हीही झाझाऊचेच, म्हणजे तुम्हीही माझेच गुलाम, पण खुर्चीवर बसलाय म्हणून मानाने सांगतो." बाराऊने तोंडातला गोरो गालात सरकवला. "माझ्या घरावर एक घुमट आहे. अकरा पावसाळे झाले, एक थेंब आत आला नाही. तो कुणी बांधला, एवढंच या म्हाताऱ्याने सांगावं. मग मी उठतो."

हसणे थांबले. मी वाकून भिंतीचा माथा धरला, आणि उंची तर मला कधीच बाधत नाही.

"कुणी बांधला तो?" हाकिमींनी विचारले.

"मला माहीत आहे, धनी. साऱ्या गावाला माहीत आहे. माझ्या शेळीलासुद्धा माहीत आहे. पण मला याच्या तोंडून ऐकायचंय."

बाबा म्हणाले, "बांधला कुणीतरी."

"कुणीतरी! काय छान नाव. बाप कोण त्याचा?"

इमामांनी तोंडावर उपरण्याचा पदर धरला. त्यांचे खांदे हलत होते. हाकिमींनी प्रथम बाराऊकडे पाहिले, मग बाबांकडे, मग वर भिंतीवर आम्हां दोघांकडे. सांबो तोवर भिंतीस चार हातापायांनी धरून बसला होता. हळूहळू त्यांच्या मुद्रेवर काही उमटले. लहानपणी ऐकलेली व शहरात विसरलेली गोष्ट आठवावी, तसे. हनुवटीखाली हात घेऊन ते म्हणाले, "थट्टेच्या नात्यात मी मध्ये पडत नाही. बसा हो तुम्ही, बाराऊ."

मग सर्वच थांबले. सूर्य वर चढला. बाराऊने दोन गोरो खाल्ले, ढोलकऱ्याला एक दिला, एका वाशाला नाव ठेवले, दुसऱ्याची तारीफ केली. मी वरून खाली मातीकडे पाहत होतो. कालवलेल्या मातीचा रंग कडेने फिकट होऊ लागला होता. आमच्या धंद्यात याहून मोठी धास्ती नाही. आठ दिवस कुजवलेली माती एकदा उन्हाने धरली की ती पुन्हा पहिल्यासारखी होत नाही.

बाबांना ते दिसत नव्हते. परंतु त्यांनी वाकून चिमूट उचलली, बोटांत चोळली, आणि तिचा वास घेतला. त्यांच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेली ओढाताण होती. एका बाजूस मर्यादा, दुसऱ्या बाजूस माती. दोन्ही त्यांनी जन्मभर सारख्याच निष्ठेने सांभाळल्या होत्या.

"सांबो," बाबांनी एकदम हाक मारली.

"जी, मामा!"

"खाली ये. नक्षीला अजून वेळ आहे."

सांबो भिंतीवरून ज्या वेगाने उतरला तो पाहून लोकांनी टाळ्या पिटल्या. जमिनीस पाय लागताच त्याने दोन्ही हात वर करून अल्लाचे आभार मानले, आणि तेथेच बसला.

भिंतीवर आता मी एकटाच उरलो.

बाबांनी दोन्ही हातांनी मातीचा मोठा गोळा उचलला, छातीशी धरून भिंतीच्या पायथ्याशी आले, आणि तोंड वर केले. त्यांच्या डोळ्यांवर दुधासारखी साय आलेली आहे. त्यांस मी केवळ एक सावली दिसलो असेन. परंतु ते माझ्याकडेच पाहत होते, भरसभेत, बेचाळीस वर्षांत प्रथम.

"धर!" ते म्हणाले.

गोळा सरळ आला. सत्तरी उलटलेल्या माणसाने फेकलेला तो गोळा माझ्या तळव्यांवर असा बसला की त्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. ढोल वाजू लागला. स्त्रियांनी पडद्याआडून जीभ हलवून आनंदाचा उलूध्वनी केला. त्यात माझ्या आईचा आवाज नव्हता, कारण ती तसे करणार नाही. परंतु नंतर कळले की तिने शेजारणीला चिमटा काढून तिच्याकडून दोनदा करविला.

"ऊठ, गाढवा," बाबा वळून म्हणाले. "खंडणी दिली."

"धर! हे काय नाव झालं?" बाराऊ ओरडला. परंतु तो उठला होता आणि चटई गुंडाळीत होता. त्याने उपरण्याने डोळे पुसले, आणि गोरो फार कडू निघाला असे कोणीही न विचारता सांगितले.

"मला पुरेसं आहे," हाकिमी म्हणाले. "कारकून, मागचं खोडा, नवीन लिहा."

कारकुनाने वही उघडली. "काय लिहू, धनी?"

बाबांनी भिंतीकडे तोंड केले.

"झकारी!" बाराऊने वाशांच्या ढिगावरून अशी आरोळी ठोकली की सावरीवरची गिधाडे उडाली. "झकारी, तानिमूचा मुलगा! दोन्ही नावं लिही. म्हाताऱ्याचं जरा लहान लिही."

कारकून लिहू लागला. बाबा भिंतीकडे पाहतच म्हणाले, "शाई वाळेपर्यंत त्याला हात लावू नका म्हणावं."

घुमटास नऊ दिवस लागले. दोन्ही बाजूंची माथ्यावर भेट झाली तेव्हा मध्ये माझी करंगळी जाईल एवढेही अंतर नव्हते. त्या दिवशी दुपारी बाबा आले. मी खाली उभा राहून हात धूत होतो. त्यांनी काठीने चारही कोपरे ठोकले, मान मागे टाकून बराच वेळ उभे राहिले. त्यांस काही दिसत नव्हते हे मला ठाऊक होते. ते बहुधा ऐकत असावेत.

"भिंत बरी आहे," ते म्हणाले.

"जी," मी म्हटले.

घुमट ओला असताना त्याखाली कोणी बसत नाही. हा आमच्या धंद्यातील पहिला नियम, आणि तो बाबांनीच मला, म्हणजे माझ्या देखत सांबोला, शिकविला होता. वाळण्यास वीस दिवस लागतात. तोवर गवंडीही त्याखालून लगबगीने जातो. बाबांनी काठीने जमीन चाचपली, अगदी मधोमध, माथ्याच्या बरोबर खाली, आणि तेथे बसले. मग उपरण्याची घडी करून डोक्याखाली घेतली आणि आडवे झाले.

मी एका बाजूस उभा राहिलो.

थोड्या वेळाने बाराऊने दारातून डोके आत घातले. "हे काय? मला न विचारता मेला की काय?"

"झोपलेत," मी म्हटले.

बाराऊने वर पाहिले, खाली पाहिले. मग टोपलीत बराच वेळ चाचपून त्याने सर्वांत लाल गोरो निवडला, दोन तुकडे केले, आणि बाबांच्या वाट्याचा अर्धा माझ्या हातावर ठेवला.

बाबा घोरत होते.